विश्लेषण : गणिताच्या प्राध्यापकावर अश्लीलतेचे खटले का झाले? र. धों. कर्वे यांनी नेमके काय केले?

सरकारी दवाखान्यात आज कुटुंबनियोजनाचे फलक सर्रास दिसतात. शंभर वर्षांपूर्वी याच विषयावर बोलल्याने एका प्राध्यापकाला नोकरी गमवावी लागली. ते होते रघुनाथ धोंडो कर्वे.

कोण होते र. धों. कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२. फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते गणिताचे प्राध्यापक झाले. काही काळ ते पॅरिसमध्येही शिकले.

नोकरी का गेली?

१९२१ मध्ये त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. वारंवारच्या बाळंतपणांतून स्त्रीची सुटका व्हावी, हा हेतू होता. तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला. त्यांनी नोकरी सोडली.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये काय असायचे?

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी हे मासिक काढले. गर्भनिरोधन, गुप्तरोग, कामशास्त्र यांवर शास्त्रीय माहिती आणि वाचकांच्या प्रश्नांना थेट उत्तरे, हे त्याचे वैशिष्ट्य. शरीराबद्दलचे प्रश्न पाप-पुण्याच्या नव्हे, तर पुराव्याच्या कसोटीवर तपासावेत, अशी त्यांची भूमिका होती. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. सनातन्यांना नेमके तेच खटकले.

आंबेडकरांचा संबंध काय?

१९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखाबद्दल कर्वे यांना दंड झाला. पुढे हस्तमैथुन, समलैंगिकता यांवरील प्रश्नोत्तरांमुळे पुन्हा खटला उभा राहिला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. इंग्रज लैंगिकशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. तरीही निकाल विरोधात गेला आणि पुन्हा दंड झाला.

पुढे काय झाले?

पदराला खार लावून कर्वे यांनी मासिक २६ वर्षे चालवले. १९५२ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले. संततिनियमन सरकारी धोरण झाले. लैंगिक शिक्षणावरचा वाद मात्र अजूनही मिटलेला नाही.