डॉक्टर मेरी पटनम जेकोबी ह्यांचें चरित्र

डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आपल्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. सन 1886 च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली, व त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. ज्या विद्यालयानें आनंदीबाईंस पदवी दिली, त्याच विद्यालयांतून बावीस वर्षें अगोदर मेरी पटनम नांवाची एक तरुण स्त्री डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. स्त्रियांच्या शरीराविषयीं विद्वान् पुरुषांनीं बांधलेलें एक चुकीचें मत ह्या बाईंनीं कसें खोडून काढिलें, तें आज सांगावयाचें आहे.

मेरी ह्यांचा जन्म ता. 31 ऑगस्ट 1842 रोजीं लंडन येथें झाला. त्यांचे आईबाप अमेरिकन होते. वडील जॉर्ज पटनम हे पुस्तकें प्रसिद्ध करणारे नामांकित गृहस्थ होते. मेरी लहान असतांच हें कुटुंब न्यूयॉर्कास परत गेलें. मुलीनें डॉक्टर व्हावें हें वडिलांस फारसें रुचलें नाहीं, तथापि त्यांनीं तिची वाट अडविली नाहीं. सन 1863 मध्यें त्यांनीं औषधें तयार करण्याच्या शास्त्राची पदवी घेतली व दुसऱ्याच वर्षीं वैद्यकीची. एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. आपलें ज्ञान अपुरें आहे असें त्यांस वाटे. म्हणून सन 1866 मध्यें त्या पॅरिस शहरीं गेल्या. तेथील प्रसिद्ध वैद्यक विद्यालयाचे दरवाजे स्त्रियांस बंद होते. दोन वर्षें रुग्णालयांतून काम करून त्यांनीं धीर धरिला, आणि सन 1868 मध्यें त्यांस प्रवेश मिळाला. पुढें युद्ध पेटून शहरास वेढा पडला, तरी त्या तेथेंच राहिल्या. सन 1871 मध्यें त्यांनीं पदवी मिळविली व त्यांच्या प्रबंधास पदकही मिळालें.

न्यूयॉर्कास परतल्यावर त्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत शिकवूं लागल्या. सन 1873 मध्यें बालरोगांविषयीं ख्याति पावलेले डॉक्टर अब्राहाम जेकोबी ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षीं बॉस्टन येथील डॉक्टर एडवर्ड क्लार्क ह्यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयांत अध्यापक राहिलेले असल्यामुळें त्यांच्या शब्दास मोठें वजन होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, वयांत येणाऱ्या मुलीनें मुलांप्रमाणें अभ्यास केल्यास शरीराची शक्ति मेंदूकडे जाते, गर्भाशयादि अवयवांची वाढ खुंटते आणि ती जन्माची रोगी होते. मासिक पाळीच्या दिवसांत तर तिनें अभ्यास सोडून विश्रांतीच घ्यावी. ह्या मतास आधार काय, तर त्यांच्याकडे आलेल्या थोड्याशा आजारी मुलींच्या हकीकती. निरोगी स्त्रियांस कोणी विचारिलेंच नव्हतें. तरी पुस्तकाच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या, आणि मुलींस उच्च शिक्षण देऊं नये असें म्हणणाऱ्यांस मोठेंच शस्त्र सांपडलें.

पुढें हार्वर्ड विद्यापीठानें आपल्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठीं हाच विषय ठेविला: पाळीच्या दिवसांत स्त्रियांस मनाची व शरीराची विश्रांति अवश्य आहे काय? मेरीबाईंनीं निबंध लिहिण्याचें मनावर घेतलें. मात्र त्यांनीं रागानें वाद घातला नाहीं. त्यांनीं एक प्रश्नपत्रिका तयार करून तिच्या हजार प्रती स्त्रियांकडे पाठविल्या. दुखणें होतें काय, किती दिवस होतें, शिक्षण किती झालें, व्यायाम किती, चालणें किती, असे प्रश्न तींत होते. 268 स्त्रियांचीं उत्तरें आलीं. त्यांपैकीं सुमारें 35 टक्के स्त्रियांस त्या दिवसांत कसलाच त्रास होत नव्हता. शिवाय कांहीं स्त्रियांची नाडी, शरीराची उष्णता व हातांचें बळ महिनाभर मोजून त्यांनीं तक्ते तयार केले. त्या दिवसांत शक्ति नाहींशी होते असें त्यांत दिसून आलें नाहीं. ज्यांस दुखतें त्यांचें दुखणें त्यांनीं नाकारिलें नाहीं. त्यांस विसांवा व उपचार मिळावा हें त्यांस मान्य होतें. परंतु ज्या स्त्रीचें पोषण चांगलें आहे तिला केवळ पाळीमुळें काम किंवा अभ्यास सोडण्याचें कारण नाहीं, असा त्यांनीं निर्णय दिला.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणें निबंधावर लेखकाचें नांव नसे. परीक्षकांनीं सन 1876 मध्यें ह्याच निबंधास पारितोषिक दिलें, आणि लिहिणारी स्त्री आहे हें मग उघड झालें. हें पारितोषिक मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. दुसऱ्या वर्षीं निबंध पुस्तकरूपानें निघाला. पण नवल असें कीं, ज्या विद्यापीठानें त्यांचा असा गौरव केला, त्याच्या वैद्यक विद्यालयांत मुलींस प्रवेश मिळावयास सन 1945 उजाडावें लागलें.

मेरीबाईंस घरीं दुःख कमी नव्हतें. सन 1883 मध्यें त्यांचा सात वर्षांचा मुलगा घटसर्पानें वारला. बाप त्याच रोगाचे जाणते वैद्य, आई डॉक्टर, तरी मूल वांचलें नाहीं. तथापि त्यांनीं काम सोडिलें नाहीं. शंभरांहून अधिक वैद्यकीय लेख त्यांनीं लिहिले, आणि स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणून सन 1894 मध्यें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. शेवटीं त्यांच्या मेंदूंत गांठ झाली. तेव्हांही आपल्याच रोगाचीं पहिलीं लक्षणें त्यांनीं क्रमवार लिहून ठेविलीं, कीं पुढील वैद्यांस तीं उपयोगीं पडावींत. ता. 10 जून 1906 रोजीं त्यांचा अंत झाला.

त्यांनीं दाखविलेली चूक त्यांच्यामागें पुष्कळ वर्षें चालू राहिली. सन 1977 मध्यें अमेरिकेच्या औषध खात्यानें, मूल होण्याजोग्या वयाच्या स्त्रियांस नव्या औषधांच्या पहिल्या चांचण्यांतून वगळावें, असें ठरविलें. हेतु रक्षणाचा होता. परंतु तेणेंकरून पुरुषांवर पारखलेलीं औषधें स्त्रियांस त्याच मापानें मिळत राहिलीं. सन 1993 मध्यें तो नियम मागें घेण्यांत आला, व सरकारी पैशानें होणाऱ्या संशोधनांत स्त्रियांचा समावेश असावा असा कायदा त्याच वर्षीं झाला. तसेंच रोग्याच्या खाटेशीं रात्रंदिवस बसणाऱ्या परिचारिका जें पाहत, त्यास पूर्वीं शास्त्र म्हणून कोणी मोजीत नसे. सन 1900 मध्यें अमेरिकेंतील परिचारिकांनीं स्वतःचें मासिक काढिलें, व त्यांत त्यांचा अनुभव लिहून ठेविला जाऊं लागला.

वाचकहो, ज्यांच्याविषयीं बोलावयाचें त्यांस प्रथम विचारावें, आणि त्यांनीं सांगितलेलें नीट लिहून ठेवावें, एवढेंच मेरीबाईंनीं केलें. आपल्या घरांतील एखादी स्त्री आजारी पडली, तर वैद्याकडे तिच्या वतीनें आपणच बोलूं लागतों. पुढल्या वेळीं तिचें दुखणें तिलाच सांगूं द्यावें, आणि आपण ऐकावें.