नटांच्या पगारासाठी झटलेली डेम

भारतातून कोणी आलं की आपण त्यांना कॉव्हेंट गार्डन दाखवतोच. तिथल्या सेंट पॉल चर्चला नटांचं चर्च म्हणतात. आत रंगभूमीवरच्या कितीतरी कलावंतांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्यात एका जोडप्याची पाटी आहे, बेन वेबस्टर आणि डेम मे व्हिटी यांची.

हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) पाहिला असेल, तर चालत्या आगगाडीतून गायब होणाऱ्या मिस फ्रॉय तुम्हाला आठवत असतील. त्याच या मे व्हिटी. म्हातारपणी दोनदा ऑस्करचं नामांकन मिळवलं त्यांनी. पण मला त्यांचं वेगळंच काम मोठं वाटतं.

जन्म १८६५ चा, लिव्हरपूलचा. कोवळ्या वयात कोरसमध्ये उभ्या राहिल्या, १८९२ मध्ये नट बेन वेबस्टरशी लग्न केलं. तेव्हा इथल्या साध्या नटाचे हाल आपल्या जुन्या नाटक मंडळींतल्या नटासारखेच. तालमींचे पैसे नाहीत. दौऱ्यावर मालक गल्ला घेऊन पसार झाला, तर परतीचं तिकीट स्वतःच काढायचं.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि नाटक, संगीत, चित्रकलेतल्या अनेक बायकांचं काम गेलं. त्यांच्यासाठी ‘थ्री आर्ट्स विमेन्स एम्प्लॉयमेंट फंड’ निघाला. मे व्हिटी त्याच्या अध्यक्ष. मदत नव्हे, हाताला काम, हे त्याच्या नावातच होतं. जखमी सैनिकांच्या रिचमंडमधल्या ‘स्टार अँड गार्टर’साठी निधी उभारणाऱ्या समितीचं कामही त्यांनी सांभाळलं. १९१८ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला तो अभिनयासाठी नव्हे, या युद्धकाळातल्या कामासाठी.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण १९३० मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, नटांची ‘इक्विटी’ ही युनियन उभी करण्यात त्या पुढे होत्या. सुरुवातीच्या बैठका त्यांच्याच घरी भरत. नटांची आधीची संघटना आपसातल्या भांडणांत खिळखिळी झाली होती. म्हणून या वेळी वेस्ट एंडचे नावाजलेले नटच पुढे आले आणि सभासद नसलेल्यांबरोबर काम करणार नाही असं ठरवू लागले. कोरसमधल्या मुलीला मालक दुसऱ्या दिवशी काढू शकतो, पण जिच्या नावावर तिकिटं खपतात तिला कसं काढणार? डेम मे व्हिटींना स्वतःला युनियनची गरज नव्हती. त्यांनी आपलं वजन दुसऱ्यांच्या पारड्यात टाकलं.

१९४८ मध्ये हॉलिवूडजवळ त्या गेल्या. बेन वर्षभर आधीच गेले होते.

माझी भाची इथेच वाढली आणि आता नाटकात पडली आहे. एका कंपनीने तिला तीन आठवडे तालमींना बोलावलं, पैसे मात्र फक्त प्रयोगांचे. अनुभव मिळतोय ना, असं वर ऐकवलं. आमच्या घरातही पहिला सल्ला हाच निघाला, की नवीन आहेस, गप्प बस. परदेशात आल्यापासून आपण हेच शिकलोय ना! तिने ऐकलं नाही. इक्विटीला फोन केला, नियम विचारून घेतले आणि मगच कराराबद्दल बोलली. तालमींचे पैसे मिळाले.

आपल्या मंडळात गणपतीला हौसेने नाटक करणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. तुमच्या घरातलं कोणी या धंद्यात शिरत असेल, तर त्याला एवढंच सांगा: सही करण्याआधी तालमींच्या पैशांचं विचार, आणि एकट्याने विचारू नकोस.