कुलगुरू आशुतोष मुखर्जी

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नामवंत प्राध्यापक, भव्य ग्रंथालये आणि पदवीदानाचा समारंभ उभा राहतो. प्रवेशाचे नियम कोणी ठरवले, परीक्षकांच्या नेमणुका कोणी केल्या, प्राध्यापकांच्या वेतनाची तरतूद कोठून झाली, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्यांनी ते केले त्यांची चरित्रे क्वचितच लिहिली जातात. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या प्रांतांतील विद्यापीठांच्या कुलसचिव कार्यालयांत, परीक्षा विभागांत आणि वित्त विभागांत काम करीत आहेत. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांच्या व्यवसायाचा एक थोर पूर्वज स्मरावा, म्हणून हे चरित्र.

आशुतोष मुखर्जी यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. आईचे नाव जगत्तारिणी. बालपणाविषयी फार सांगण्याचे कारण नाही; हुशार मुलाच्या बालपणात असावे ते सारे त्यात होते. विलक्षण होती ती त्यांची गणितातील गती. १८८१ साली, महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षांत, युक्लिडच्या एका सिद्धान्ताची त्यांनी दिलेली नवी सिद्धता केंब्रिजहून निघणाऱ्या गणितविषयक नियतकालिकात छापून आली. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १८८४ साली ते बी.ए. झाले, १८८५ मध्ये गणितात व पुढल्याच वर्षी पदार्थविज्ञानात एम.ए. झाले आणि प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. मुंबईच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी देणाऱ्या प्रेमचंद शेठांचेच हे नाव. मुंबईच्या कापसाच्या व्यापारातील पैसा कलकत्त्याच्या बुद्धिमान विद्यार्थ्यांनाही पोसत होता. १८८६ मध्ये एडिनबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

एवढ्या तयारीचा माणूस गणिताचा प्राध्यापक व्हायचा. परंतु सरकारी शिक्षणखात्यात त्या काळी युरोपीय प्राध्यापकांचा दर्जा व वेतन वेगळे आणि हिंदी प्राध्यापकांचे वेगळे, अशी व्यवस्था होती. ती कमी प्रतीची जागा आशुतोषांनी स्वीकारली नाही. ते कायद्याकडे वळले, १८८८ साली उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि १९०४ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गणिताचे नुकसान झाले हे खरे. माझ्या मते त्या नुकसानीची भरपाई पुढे अनेक पटींनी झाली, पण ती वेगळ्या मार्गाने.

१८८९ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते कलकत्ता विद्यापीठाच्या सिनेटचे सदस्य झाले. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे ही आजच्या अर्थाने विद्यापीठे नव्हतीच. महाविद्यालये शिकवीत, विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदव्या देई. कलकत्त्याचे कार्यक्षेत्र तर अफाट होते. आपल्या नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालयसुद्धा आरंभी कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते. इतक्या दूरच्या विद्यार्थ्यांशी विद्यापीठाचा संबंध परीक्षेच्या कागदापुरताच येई. या व्यवस्थेची कळसूत्रे कोठे आहेत, ठराव कसा मांडायचा, कोणत्या समितीत तो अडतो आणि कोणत्या नियमाने सुटतो, हे आशुतोषांनी पुढील सतरा वर्षे बारकाईने अभ्यासले. १८९१ साली विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे असा प्रस्ताव त्यांनी आणला. तो फेटाळला गेला. मुंबई विद्यापीठात मराठीसाठी न्यायमूर्ती रानडे यांनाही असाच दीर्घकाळ झगडावे लागले होते. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असावी की देशी भाषा विद्यापीठाच्या दारात आपोआप पोहोचल्या नाहीत.

१९०४ साली लॉर्ड कर्झन यांनी विद्यापीठांचा कायदा आणला. त्यात सरकारचे नियंत्रण घट्ट करण्याचा हेतू उघड होता, म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला. विरोध रास्त होता. पण त्याच कायद्यात एक कलम असे होते की विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमून अध्यापन व संशोधन करता येईल. बाकीच्यांना त्या कायद्यात बेडी दिसली. आशुतोषांना बेडीबरोबर किल्लीही दिसली. १९०६ साली ते कुलगुरू झाले आणि त्या एका कलमावर त्यांनी नवे विद्यापीठ उभारले.

कुलगुरूचे पद तेव्हा मानद होते. न्यायालयाचे दिवसभराचे काम संपवून विद्यापीठाचे काम पाहायचे, असा क्रम दोन-दोन वर्षांच्या लागोपाठ चार मुदती, म्हणजे १९१४ पर्यंत, चालला. पुन्हा १९२१ ते १९२३ अशी पाचवी मुदत झाली. या काळात त्यांनी केलेल्या कामाचा पुष्कळसा भाग ऐकायला रूक्ष वाटेल: परीक्षांचे नवे नियम, संलग्नतेच्या अटी, मातृभाषेतील लेखनाला परीक्षांमध्ये स्थान, १९०९ मधील विधी महाविद्यालय. दरभंग्याच्या महाराजांच्या देणगीतून इमारत उभी राहिली. मिंटो, हार्डिंज, कारमायकेल अशी अध्यासनांची नावे पाहिली म्हणजे हसू येते. दोन व्हाइसरॉय आणि एक गव्हर्नर! ज्यांच्याकडे तिजोरीची किल्ली त्यांचे नाव फलकावर आणि त्या फलकाखाली हवा तो विद्वान, असा तो मामला होता.

विज्ञान महाविद्यालयाची कथा जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळा म्हणजे पैसा. सरकारकडून पुरेसा पैसा येईना. तेव्हा आशुतोष आपल्याच व्यवसायातील दोन यशस्वी कायदेपंडितांकडे वळले. सर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली सुमारे पंधरा लाखांची संपत्ती विद्यापीठास दिली. सर रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दहा लाख रुपये दिले. या देणग्यांवरील अध्यासने हिंदी विद्वानांनाच मिळावीत, अशी अट होती. ज्या देशात पंचवीस वर्षांपूर्वी खुद्द आशुतोषांना दुय्यम दर्जाची जागा देऊ केली गेली होती, तेथे या अटीचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

मग माणसे आली, किंबहुना आणली गेली. रसायनशास्त्रासाठी प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून निवृत्त होणारे प्रफुल्लचंद्र राय आले. पदार्थविज्ञानासाठी आशुतोषांची नजर सरकारी वित्त खात्यातील एका तरुण अधिकाऱ्यावर गेली. हा अधिकारी कचेरीच्या आधी व नंतर बहुबाजारातील विज्ञान संस्थेत प्रयोग करीत असे. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. पालित अध्यासनाच्या अटीनुसार प्राध्यापकाचे शिक्षण परदेशात झालेले असायला हवे होते, आणि रामन केवळ अटीसाठी परदेशी जायला तयार नव्हते. आशुतोषांनी माणूस सोडला नाही. अट बाजूला सारण्याचा मार्ग शोधला. १९१७ साली रामन मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी वेतनावर विद्यापीठात रुजू झाले. १९३० चे नोबेल पारितोषिक सर्वांना ठाऊक आहे. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे तर नुकतेच एम.एस्सी. झालेले तरुण होते. त्यांच्यावर पदव्युत्तर वर्गांचे अध्यापन सोपवण्याचे धाडस आशुतोषांनीच केले. या दोघांनी आइनस्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले आणि ते १९२० साली विद्यापीठानेच छापले.

१९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाचा सारा कारभार निरनिराळ्या महाविद्यालयांकडून काढून विद्यापीठाच्या एका छत्राखाली आणण्यात आला. त्याच वर्षी प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या सर रामकृष्णपंत भांडारकरांचे हे चिरंजीव. पुढे जवळजवळ दोन दशके ते कलकत्त्यात प्राध्यापक राहिले. १९१९ साली देशी भाषांमध्ये एम.ए. करण्याची सोय झाली. १८९१ चा पराभव भरून निघायला अठ्ठावीस वर्षे लागली. सुरेंद्रनाथ सेन या बंगाली इतिहासकाराने सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या राज्यकारभारावरील त्यांचा ग्रंथही तेथूनच निघाला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे अगत्य वाटावे. १९२१ मध्ये म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आले. बंगाली नसलेल्या विद्वानांना एवढ्या संख्येने बोलावल्याबद्दल कलकत्त्यात कुरकुर झाली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

त्यांच्यावर टीका करणारेही कमी नव्हते, आणि ती सर्वच टीका अनाठायी होती असे मला वाटत नाही. सारी सूत्रे एका हाती एकवटली होती. सिनेटमध्ये त्यांच्या शब्दाविरुद्ध जाणे कठीण असे. परीक्षांत उत्तीर्णांचे प्रमाण वाढले तेव्हा दर्जा घसरल्याची ओरड झाली. उत्पन्नाकडे न पाहता विभाग उघडत जाण्याची सवय पुढे विद्यापीठाला महाग पडली. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की हे विद्यापीठ बव्हंशी विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कावर चालत होते. असहकाराच्या चळवळीत मुलांनी महाविद्यालये सोडली तेव्हा तोही झरा आटला. सॅडलर आयोगाने, ज्याचे आशुतोष स्वतः सदस्य होते, १९१९ साली तेरा खंडांचा अहवाल देऊन पुष्कळ सुधारणा सुचवल्या. परंतु सुधारणांना लागणारा पैसा अहवालाबरोबर आला नाही.

१९२२ साली परिस्थिती हातघाईवर आली. प्राध्यापकांची वेतने थकली. बंगाल सरकारने अडीच लाख रुपयांचे अनुदान देऊ केले, पण विद्यापीठाच्या आर्थिक व्यवहारावर बंधने घालणाऱ्या अटींसह. संस्था चालवलेल्या कोणालाही या प्रसंगाची जात ओळखता येईल: घरात पैसा नाही, माणसे पगाराची वाट पाहत आहेत, आणि समोर रक्कम ठेवून सही मागितली जात आहे. तत्त्वासाठी स्वतः उपाशी राहणे सोपे असते. दुसऱ्यांच्या चुली विझत असताना नकार देणे फार अवघड. आशुतोषांनी सिनेटपुढे अनुदान नाकारण्याची भूमिका मांडली आणि सिनेट त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढल्या वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी, सरकारला विरोध करणार नाही अशा आश्वासनाच्या बदल्यात, पुन्हा कुलगुरुपद देऊ केले. मार्च १९२३ मध्ये आशुतोषांनी कठोर शब्दांतील पत्राने ते परत केले. बंगालचा वाघ म्हणून लोक त्यांना ओळखत. रेल्वेच्या डब्यातील गोऱ्या प्रवाशाची आणि चपलेची त्यांच्याविषयीची गोष्ट मुलांना फार आवडते. मला विचाराल तर वाघ दिसतो तो या पत्रव्यवहारात.

घरातही त्यांनी लोकमताची पर्वा केली नाही. लहानपणीच विधवा झालेली त्यांची कन्या कमला हिचा १९०८ साली त्यांनी पुनर्विवाह करून दिला. सनातनी समाज खवळला. पुण्याला आपल्या अण्णासाहेब कर्व्यांना पंधरा वर्षांपूर्वी जे सोसावे लागले होते, तेच उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या वाट्याला आले. १९२३ मध्ये कमलाचे निधन झाले. तिच्या नावाने त्यांनी विद्यापीठात व्याख्यानमाला ठेवली. आईच्या नावाचे जगत्तारिणी पदक त्याआधीच सुरू झाले होते आणि ते प्रथम रवींद्रनाथांना मिळाले.

१९२३ च्या अखेरीस ते न्यायालयातून निवृत्त झाले आणि पुन्हा वकिली करू लागले. एका मोठ्या दाव्याच्या निमित्ताने ते पाटण्याला गेले असता २५ मे १९२४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. साठावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. पार्थिव रेल्वेने कलकत्त्याला आणण्यात आले. भवानीपूरच्या घरी त्यांनी आयुष्यभर जमवलेले ऐंशी हजारांहून अधिक ग्रंथ होते. ते कुटुंबीयांनी पुढे राष्ट्राला दिले. कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हा संग्रह त्यांच्याच नावाने स्वतंत्र ठेवलेला आहे, आणि कोणाही वाचकाला तेथे बसून तो वाचता येतो.