विजयापेक्षा मृत्यूने लक्षात राहिलेला सायकलपटू

जागतिक सायकल शर्यतींत ब्रिटनला प्रतिष्ठा मिळवून देणारा टॉम सिम्प्सन आज त्याच्या विजयांपेक्षा अकाली मृत्यूमुळेच अधिक स्मरला जातो.

३० नोव्हेंबर १९३७ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात एका खाणकामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने सांघिक कांस्यपदक मिळविले आणि १९५९ मध्ये व्यावसायिक शर्यतींसाठी तो फ्रान्सला गेला. १९६२ मध्ये 'टूर द फ्रान्स'ची पिवळी जर्सी परिधान करणारा तो पहिला ब्रिटिश ठरला. १९६५ मध्ये तो जगज्जेता झाला.

त्या काळी अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक औषध डॉक्टर अतिनिद्रेच्या विकारावर आणि वजन घटविण्यासाठी लिहून देत. सायकलपटूंनी मात्र थकवा दडपण्यासाठी त्याचा आधार घेतला. फ्रान्सने १९६५ मध्ये उत्तेजकांविरुद्ध कायदा केला, तरी ही प्रथा थांबली नाही. सिम्प्सनही तिला अपवाद नव्हता.

१३ जुलै १९६७ रोजी मार्सेय ते कार्पांत्रा या टप्प्यात माँ व्हाँतू हा उघडाबोडका डोंगर चढायचा होता. पोटाच्या विकाराने सिम्प्सन आधीच अशक्त झाला होता. ऊन भाजून काढत होते आणि स्पर्धकांच्या पाण्यावर तेव्हा नियमानेच मर्यादा होती. चढणीवर तो कोसळला. पुन्हा सायकलवर बसून थोडे अंतर गेला आणि शिखर जवळ आले असतानाच कायमचा खाली आला. वय अवघे २९ वर्षे. जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. शवविच्छेदनात अ‍ॅम्फेटामाइन आणि मद्याचे अंश आढळले.

उत्तेजक औषध शरीराला नवी शक्ती देत नाही. थकल्याची सूचना तेवढी ते दाबून टाकते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. जिथे थांबायला हवे, तिथे माणूस थांबत नाही. ऊन, निर्जलीकरण आणि अतिश्रम यांच्या जोडीला हे औषध आले आणि सिम्प्सनचे हृदय बंद पडले.

या मृत्यूनंतर १९६८ च्या स्पर्धेपासून उत्तेजक चाचण्या नियमित झाल्या. माँ व्हाँतूवर त्याचे स्मारक उभे आहे.

मराठवाड्याच्या उन्हाची ओळख असलेल्यांना या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावात पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणासमोरही हाच मोह उभा राहू शकतो. डॉक्टरांनी रुग्णासाठी ठरविलेल्या मात्रेतच हे औषध उपचार असते. मैदानावर दम वाढविण्यासाठी घेतलेली गोळी हा उपचार नव्हे. थकवा हा शरीराचा शत्रू नसून पहारेकरी आहे. जगज्जेत्याने त्याला गप्प केले आणि त्याची किंमत प्राणाने चुकविली.