पायी हिंडणारा शास्त्रज्ञ : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यात विधी महाविद्यालयाच्या परिसरात गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नवख्या माणसाचा घोटाळा व्हायला एवढे पुरे. आगरकर आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत असतात. आघारकरांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या मंडळींत मानाने घेतले जाते. इतरांना मात्र ती संस्थेवरची पाटी वाटते, माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

तो माणूस डोळ्यांपुढे आणायचा असेल तर संस्थेच्या दारात न थांबता जवळच्या टेकडीकडे चालू लागावे. लॉ कॉलेजची टेकडी चढायला अगदी सोपी. पायात धड चपला असल्या तरी चालते. वरच्या बाजूला लागवडीची उंदीरमारी पुष्कळ माजली आहे, पण मधल्या उघड्या माळावर पावसाळ्यात अस्सल देशी फुलांचे राज्य असते. जूनच्या पहिल्या सरींनंतर सफेद मुसळीची पांढरी फुले वर येतात. पुढे श्रावण-भाद्रपदात गवत गुडघ्याला लागते. दिवाळीनंतर तेच गवत वाळते आणि मग टेकडीवरून परतलेल्या प्रत्येकाच्या पायमोज्यांत कुसळे रुतलेली असतात. धोतराला आघाडा चिकटतो, टाचेत गोखरू घुसतो. आपण चरफडत ती काढून टाकतो. आघारकरांनी आयुष्यातला मोठा अभ्यास याच प्रश्नावर केला : झाड जागचे हलत नाही, मग त्याचे बी प्रवास करते तरी कसे, आणि कोठून कोठवर?

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सरकारी बदल्यांबरोबर बिऱ्हाडही हलत असे. त्यामुळेच मालवणचा हा मुलगा १९०२ साली मॅट्रिक झाला तो धारवाडच्या हायस्कुलातून. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. एकीकडे सह्याद्रीचा ओला उतार आणि दुसरीकडे कोरडा काळ्या मातीचा मुलूख, यांच्या मधोमध धारवाड वसले आहे. काही मैलांच्या अंतरात झाडोरा कसा पालटतो हे पाहायला याहून चांगले गाव शोधूनही सापडायचे नाही. त्यांच्या आवडीचे बी तेथे पडले की मालवणात, हा तर्काचा भाग. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेल्यावर त्यांनी सृष्टिविज्ञान हाच विषय निवडला, त्यात एम. ए. केले आणि तेथेच ते शिकवू लागले.

अध्यापकाला सुट्ट्या असतात. आघारकर सुट्टीत सह्याद्रीत जात. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत हिंडताना त्यांना उन्हाळ्यात उरलेल्या पाण्यात तरंगणारा एक लहानसा, काचेसारखा पारदर्शक प्राणी आढळला. ती जेलीफिश होती. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला जेलीफिशचे काय नवल? नवल होते ते पाण्याचे. समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, गोड्या पाण्यात ती पोहत होती. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिला भारताचेच नाव दिले. तोवर त्या प्रजातीतले प्राणी फक्त आफ्रिकेत, टांगानिकासारख्या सरोवरांत आणि तिकडच्या नद्यांत माहीत होते. मग मध्ये एवढा समुद्र असताना ते साताऱ्यात कसे? योगायोग असा की १९१२ सालीच जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना प्रथम मांडली. लोकांनी ती त्या वेळी फारशी मनावर घेतली नाही.

मला या घटनेत मौज वाटते ती अशी की त्या नद्यांकाठी गावे होती, गुरे पाण्यावर येत होती, पोरे डुंबत होती. तो प्राणी कोणी पाहिलाच नसेल असे म्हणवत नाही. पण पाहून थांबलेला आणि त्याची रीतसर नोंद केलेला माणूस हा एक. पुढे कोयनेवर धरण झाले आणि त्या खोऱ्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

या शोधामुळे ॲनंडेलांच्या हाताखाली नमुने गोळा करण्याचे आणि टिकविण्याचे काटेकोर शिक्षण त्यांना मिळाले. त्याच सुमारास सर रासबिहारी घोष यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपदे निर्माण झाली. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांना माणसांची उत्तम पारख होती. वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद आघारकरांना मिळाले आणि उच्च शिक्षणासाठी ते १९१४ मध्ये बर्लिनला गेले.

तेथे पोहोचतात न पोहोचतात तोच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे जर्मनीच्या दृष्टीने शत्रू. त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. ज्या साम्राज्याने देश पारतंत्र्यात ठेवला त्याचेच प्रजाजन म्हणून परक्या देशात अडकून पडायचे, ही विटंबना त्यांच्या वाट्याला आली. परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. दाहलेमच्या वनस्पतिउद्यानाचे संचालक आडोल्फ एंग्लर हे वनस्पतींच्या भौगोलिक प्रसाराचे त्या काळचे सर्वश्रेष्ठ जाणकार. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आघारकरांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळविली. बर्फाळ बर्लिनमध्ये बसून या गृहस्थांनी विषय निवडला तो वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशांच्या वनस्पतींचा : त्यांचे बी कोणत्या साधनांनी पसरते, त्या आज कोठे कोठे आहेत आणि मूळच्या कोठल्या.

यातल्या कितीतरी वनस्पती आपल्या ओळखीच्या आहेत. रुईच घ्या. तिचे फळ तडकले की रेशमी तंतूंची छत्री घेऊन बी वाऱ्यावर निघते. ही रुई आपल्या माळांपासून पार आफ्रिकेपर्यंत आढळते. नेपतीचे काटेरी, पानांशिवाय दिसणारे झुडूप राजस्थानात आहे, अरबस्तानात आहे, सहारातही आहे. पीलूचे तसेच. बोर पक्ष्यांनी आणि कोल्ह्यांनी खाऊन दूरवर नेले. साताऱ्याच्या नदीत जो प्रश्न त्यांना पडला होता तोच येथे पुन्हा उभा राहिला, या खेपेस वाळवंटाच्या बाजूने.

१९२० मध्ये ते कलकत्त्याला परतले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. विद्यार्थ्यांना घेऊन वनस्पती गोळा करण्याच्या सहली काढणे हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता. नेपाळातही त्यांनी संग्रह केला. त्या काळच्या सभा-परिषदांतही त्यांचा वावर मोठा होता, पण त्यांची यादी येथे देण्याचे कारण नाही.

१९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनवर बॉम्ब पडले आणि दाहलेमचा जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रह बहुतांशी जळाला. पिढ्यान्‌पिढ्यांनी वाळवून, चिकटवून, नाव लिहून ठेवलेली लक्षावधी पाने एका रात्रीत गेली. तेथे शिकलेल्या माणसाला ती बातमी कशी लागली असेल, याची कल्पना हर्बेरियमचा एक तरी कागद स्वतः तयार केलेल्या विद्यार्थ्याला सहज येईल.

निवृत्त झाल्यावर सहसा माणसे विश्रांती घेतात. साठी उलटलेल्या आघारकरांनी १९४६ साली पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' उभी केली. सरकारी खात्याबाहेर, लोकांच्या आणि शास्त्रज्ञांच्या बळावर संशोधनसंस्था चालविणे तेव्हा सोपे नव्हते. तिचे संचालकपद त्यांनी १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले. तिच्या वनस्पतिसंग्रहाला आजरेकरांचे नाव आहे. पश्चिम घाटातील झाडाझुडपांवर काम करणाऱ्याला आजही तेथे जावेच लागते. १९९२ मध्ये संस्थेलाच आघारकरांचे नाव देण्यात आले.

पुढच्या खेपेस आपली सहल पुण्याला गेली तर शनिवारवाडा आणि तुळशीबाग यांच्या जोडीला एक सकाळ या टेकडीसाठी राखावी. जाणे दोनदा झाले तर उत्तम : एकदा भाद्रपदात फुलांसाठी, एकदा मार्गशीर्षात बियांसाठी. फूल तोडू नये, कंद तर मुळीच उपटू नये. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वेली अशाच हौसेपायी कमी झाल्या आहेत. वही मात्र न्यावी. आणि उतरल्यावर पायमोज्यांतली कुसळे झटकून टाकण्याआधी भिंगाखाली एक धरून पाहावे. टोकाला मागे वळलेले बारीक केस दिसतील, आणि वरचा पीळदार शेपटा थेंबभर पाण्याने ओला केला तर तो आपसूक उलगडू लागेल.