कारीचे कान्होजी जेधे

पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेला भोर तालुका आहे. उंच डोंगर, खोल दऱ्या, भाताची खाचरे आणि नीरा नदी असा हा मुलूख. पूर्वी त्याला मावळ म्हणत. मावळात बारा खोरी होती. प्रत्येक खोऱ्याचा कारभार देशमुख पाहत असे. भोरजवळचे रोहिडखोरे जेधे देशमुखांकडे होते. रोहिडा किल्ल्याजवळ कारी नावाचे गाव आहे. तेथे जेध्यांचा वाडा होता. तो वाडा आजही पाहायला मिळतो.

कान्होजी जेधे याच घराण्यातले. त्यांचा जन्म मोठ्या दुःखात झाला. देशमुखीच्या लोभाने भाऊबंदांनी त्यांच्या वडिलांचा, नाईकजींचा जीव घेतला. पुढे आईलाही मारले. कान्होजी तेव्हा तान्हे बाळ होते. देवजी महाला या इमानी सेवकाने बाळाला उचलले आणि रानावनातून वाट काढत मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे नेले. पासलकरांनी त्या पोरक्या मुलाला वाढवले. पुढे आपली मुलगी सावित्री हिचे त्यांच्याशी लग्नही लावून दिले. आज वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकर जलाशय म्हणतात, ते हेच पासलकर.

ज्या देशमुखीपायी आईबाप गेले, ती देशमुखी मोठेपणी कान्होजींच्या हाती आली. या देशमुखीला त्या काळी वतन म्हणत. उर्दूत वतन म्हणजे आपला देश, आपली जन्मभूमी. जुन्या मराठीत मात्र वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क. जमीन, उत्पन्न, मान हे सारे त्यात आले. वतनासाठी माणसे जीव देत आणि जीव घेतही. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

कान्होजी आधी आदिलशाहीचे सरदार रणदुल्लाखान यांच्या पदरी होते. तेथून शहाजीराजांनी त्यांना आपल्याकडे मागून घेतले. दोघांची मने जुळली. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर कैदेत पडले. पुढच्या वर्षी, १६४९ च्या मे महिन्यात, त्यांची सुटका झाली. आता शहाजीराजांना पुण्याकडच्या आपल्या तरुण मुलाची, शिवाजीराजांची काळजी होती. त्यांनी कान्होजींना मावळात परत पाठवले. निघण्यापूर्वी कान्होजींनी देवाला साक्षी ठेवून शपथ घेतली, की काहीही झाले तरी शिवाजीराजांची साथ सोडणार नाही.

शपथ घेणे सोपे असते. तिची परीक्षा दहा वर्षांनी झाली.

१६५९ साल उजाडले. विजापूरच्या दरबाराने अफजलखान या बलाढ्य सरदाराला शिवाजीराजांवर पाठवले. बरोबर हजारो घोडेस्वार, पायदळ, तोफा, हत्ती आणि उंट होते. शिवाजीराजे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते आणि त्यांचे राज्य लहान होते. खान वाईच्या बाजूने येणार होता. वाई आणि रोहिडखोरे यांच्यामध्ये फक्त एक डोंगररांग आहे, म्हणजे पहिला घाव कारीवरच पडणार!

त्याच वेळी मावळातल्या देशमुखांना बादशहाची फर्माने आली. कान्होजींनाही आले. १६ जून १६५९ चे ते फर्मान फारसी भाषेत आहे. खानाला येऊन मिळावे, मग कृपा होईल. न आल्यास परिणाम भोगावे लागतील, असा त्याचा अर्थ. भोरजवळच्या उत्रोळीचे देशमुख खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण खान जिंकणार असे त्या वेळी पुष्कळांना वाटत होते, आणि घरदार कोणाला प्यारे नसते?

कान्होजींनी फर्मान घेतले, पाच मुलांना बरोबर घेतले आणि वेल्ह्याजवळच्या राजगडाची वाट धरली. शिवाजीराजांपुढे त्यांनी फर्मान ठेवले. राजांनी ते पाहिले. मग त्यांनी कान्होजींना वेगळेच सांगितले. इतर देशमुख खानाकडे गेले आहेत, तुम्हीही जा. नाहीतर वतन जाईल, मुलाबाळांचे हाल होतील, असा तो सल्ला होता. राजांनी हे मनापासून सांगितले की पारख करण्यासाठी, कोण जाणे. पण कान्होजींना परत फिरायला एक मोकळी वाट मिळाली होती, आणि त्या वाटेने गेल्यास त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

कान्होजींनी पाणी मागवले. ते तळहातावर घेतले आणि वतनावर उदक सोडले. उदक सोडणे म्हणजे देवासमोर पाणी सोडून आपला हक्क कायमचा टाकून देणे. आईबापांच्या रक्ताची किंमत दिलेले वतन त्यांनी ओंजळभर पाण्याबरोबर सोडले. शब्द देवाच्या साक्षीने दिला होता. तो पाळणे आपले काम, बाकी त्याच्या हाती, असा त्यांचा विश्वास होता. उर्दूत यालाच आपण तवक्कुल म्हणतो. जेध्यांच्या जुन्या कागदांत इमान हा शब्द येतो, तोही आपल्या ओळखीचाच.

देवावर भरवसा ठेवला म्हणून कान्होजी हातावर हात ठेवून बसले नाहीत. राजांच्या सांगण्यावरून त्यांनी बायकामुलांना तळेगावास हलवले. मग ते मावळात फिरले, देशमुखांना भेटले, त्यांना धीर दिला. बांदल, शिळीमकर, पासलकर, मारळ अशी घराणी एकत्र झाली. यांत बांदलांशी जेध्यांचे जुने वैर होते. त्यांच्यात लढाईही झाली होती. ते वैर आता बाजूला राहिले.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली आणि खान मारला गेला. ही लढाई दोन धर्मांची नव्हती. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, आणि शिवाजीराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम हे होते. जेधे आणि बांदल आपल्या माणसांसह जावळीच्या रानात दबा धरून होते. इशारा होताच त्यांनी खानाच्या फौजेवर हल्ला केला.

विजयानंतर खंडोजी खोपडे जीव वाचवण्यासाठी लपत फिरू लागले. शेवटी त्यांचे जावई हैबतराव शिळीमकर कान्होजींकडे आले. ज्याने फितुरी केली, त्याच्यासाठी कान्होजींनी राजांपाशी रदबदली केली. राजांनी खोपड्यांना जीवदान दिले, पण शिक्षा म्हणून त्यांचा एक हात आणि एक पाय तोडायला लावला. कान्होजींना ते आवडले नाही.

राजांनी जेध्यांना दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान दिला. पण १३ जुलै १६६० रोजी विशाळगडाच्या वाटेवरील खिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि अनेक बांदल धारातीर्थी पडले. तेव्हा राजांनी तो पहिला मान बांदलांना द्यायचे ठरवले. जेध्यांनी तो आनंदाने दिला आणि दरबारात जेधे बांदलांच्या मागे उभे राहू लागले.

भोरहून आंबवड्याला गेलात, तर तेथे कान्होजींची समाधी पाहायला मिळते.