भास्करबुवा बखले : रंगभूमीकडून रागाकडे आणि पुन्हा रंगभूमीकडे

मराठी नाट्यपदाचा विचार करताना आपण सामान्यतः पद लिहिणाऱ्या नाटककाराकडे आणि ते गाणाऱ्या नटाकडे पाहतो. पदाला चाल देणारा आणि नटाचा गळा घडविणारा गुरू मात्र बहुधा पडद्याआडच राहतो. प्रस्तुत पाठात अशाच एका गुरूचा, भास्करबुवा बखले यांचा, परिचय करून घ्यावयाचा आहे.

भास्करबुवांचा जन्म १८६९ साली गुजरातमधील कठोर या गावी झाला. गोड गळ्यामुळे लहान वयातच त्यांना किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला आणि ते स्त्रीभूमिका करू लागले. परंतु वयात येताना आवाज फुटला. ज्या गळ्याच्या बळावर मान मिळाला होता, तोच गळा निकामी ठरताच नाटक मंडळीतील स्थानही गेले. कोणत्याही बालनटाचा प्रवास येथे संपला असता. भास्करबुवांनी मात्र गाणे पुन्हा मुळापासून शिकण्याचे ठरविले.

बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेर परंपरेची तालीम घेतली. त्यानंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि पुढे जयपूर परंपरेचे अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. त्या काळी विद्या घराण्याच्या कुंपणात जपली जात असे, ती सहजासहजी बाहेर पडत नसे. अशा काळात तीन परंपरांची गायकी एका कंठात नांदणे ही असामान्य गोष्ट होती. ‘देवगंधर्व’ या बिरुदाने रसिक त्यांना ओळखू लागले.

कष्टाने मिळविलेली ही विद्या भास्करबुवांनी स्वतःपाशी कोंडून ठेवली नाही. १९११ साली पुण्यात त्यांनी संगीतशिक्षणासाठी संस्था स्थापन केली. तीच पुढे ‘भारत गायन समाज’ म्हणून प्रसिद्धीस आली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य.

१९१६ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’ या नाटकास भास्करबुवांनी संगीत दिले. किर्लोस्करांच्या काळातील पदांवर साकी, दिंडी व कीर्तनातील चालींची छाया होती. ‘स्वयंवर’मध्ये यमन, भीमपलास, बिहाग यांसारखे राग ख्यालाच्या वळणाने रंगमंचावर आले. येथे भाषेचाही प्रश्न होता. ख्यालाच्या बंदिशीत शब्द मोजके असतात आणि स्वरविस्तारास मोकळीक असते. नाट्यपदात मात्र अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचलाच पाहिजे, शिवाय मराठी शब्दांतील ऱ्हस्वदीर्घही सांभाळले पाहिजेत. रागाचे रूप न बिघडविता रुक्मिणीचे मनोगत स्पष्ट ऐकू येईल, असा तोल भास्करबुवांनी साधला आणि बालगंधर्वांनी तो रसिकांपर्यंत नेला. ज्यांना मैफलीत प्रवेश नव्हता, अशा सामान्य प्रेक्षकांच्या कानांवर त्यामुळे रागसंगीताचा संस्कार झाला.

१९२० साली ‘द्रौपदी’ नाटकालाही त्यांनी संगीत दिले. १९२२ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मास्टर कृष्णरावांनी रंगभूमीसाठी संगीतरचनेची परंपरा पुढे चालविली.

आवाज फुटल्यामुळे ज्या रंगभूमीने त्यांना दूर केले, तिलाच भास्करबुवांनी आपली विद्या अर्पण केली. नट म्हणून हुकलेले स्थान त्यांना गुरू म्हणून लाभले आणि मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात ते कायमचे झाले.